झाकण उघडून वास घेणारा म्हातारा

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत मोठं ऑक्शन असलं की आदल्या दिवशी सगळा माल लांबच लांब टेबलांवर मांडून ठेवतात, कुणीही जावं, हात लावून बघावं, कुणी हटकत नाही. मी गेले होते जुन्या छापखान्यातल्या खिळ्यांच्या ड्रॉवरसाठी, तो पार कोपऱ्यात होता आणि वाटेत बंदुकांचं टेबल लागलं म्हणून थांबले, एवढंच. शेजारी एक म्हातारा आला. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, नखांच्या कडा काळ्या. त्याने एक पर्कशन रायफल उचलली, म्हणजे ठासणीचीच, पण केपवाली. टायगर मेपलचा, म्हणजे पट्टेदार लाकडाचा, चकचकीत दस्ता होता. त्याने नळीत डोकावून बघितलं नाही, घोडा ओढला नाही, कारागिराची सही शोधली नाही. सरळ उजवी बाजू वर केली, दस्त्याच्या टोकाला कुठंतरी अंगठ्याने दाबलं, पितळेचं लांबट झाकण टक्कन उघडलं आणि ह्या माणसाने त्या खाचेत चक्क नाक घातलं. चांगला लांब श्वास घेतला. मग झाकण लावलं, रायफल होती तशी ठेवली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "राँग." आणि गेला पुढच्या टेबलाकडे.

आता असं कुणी केल्यावर आपण काय करणार? तो लांब जाईपर्यंत थांबले आणि मीही वास घेतला.

वॉर्निशचा वास होता. नव्या फर्निचरच्या दुकानात शिरल्यावर येतो तो. मला त्यात राँग काय हे काही कळलं नाही, ड्रॉवर दुसऱ्याच कुणीतरी घेतला, आणि मी घरी आले ती डोक्यात हे पितळी झाकण घेऊन. त्यानंतर मी ह्या विषयात किती वेळ घालवलाय हे घरच्यांना विचारू नका. बंदुकीत मला शून्य रस होता आणि खरं सांगायचं तर अजूनही नळीचं, नेमाचं, पल्ल्याचं कुणी बोलायला लागलं की मी दुसरीकडे बघते. पण ती पॅचबॉक्स, म्हणजे त्या झाकणाखालची खाच, ही बंदूक नाहीच आहे. ती बंदुकीला असलेली एक छोटी खोली आहे, आणि त्या खोलीच्या दाराचं काय काय करून ठेवलंय लोकांनी!

थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. रायफलच्या नळीला आतून पिळाच्या खाचा असतात, गोळी त्यांत धरली गेली तर फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. पण समोरून ठासायची बंदूक असली तर घट्ट बसणारी शिशाची गोळी आत ढकलणार कशी? म्हणून गोळी नळीपेक्षा किंचित लहान ओतायची आणि तिला चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून आत सारायची. कापड खाचांत धरतं, गोळीला फिरवतं आणि बाहेर पडल्यावर गळून जातं. तो तुकडा म्हणजे पॅच. उशीच्या खोळीचं जाड कापड, लिनन, जुना सदरा, काहीही. आजही ठासणीच्या रायफली उडवणारे लोक गोळी झाडल्यावर पुढे चालत जाऊन गवतातले ते काळवंडलेले तुकडे उचलतात आणि उलटसुलट करून बघतात, जळलाय का, फाटलाय का, त्यावरून दारू जास्त झाली की कापड पातळ पडलं ते सांगतात. तर हे चरबीचे तुकडे ठेवायचे कुठे? दस्त्यात, उजव्या बाजूला. डाव्या बाजूला गाल टेकतो ना. डावऱ्या माणसाची रायफल असली तर पेटीही डावीकडे जाते.

जर्मनीतून जे कारागीर पेनसिल्व्हेनियात आले त्यांच्याकडच्या आखूड शिकारी रायफलींना ही पेटी होतीच, पण तिला लाकडाचं सरकतं झाकण असायचं. सरकतं झाकण हरवतं. घोड्यावरून जाताना, झाडीत, ओढा ओलांडताना गेलं की गेलं. इथे आल्यावर, साधारण १७६०-७० च्या पुढेमागे, बिजागरीचं पितळी झाकण बसायला लागलं आणि मग काय झालं कुणास ठाऊक, एकदम बहर आला. झाकणाच्या वर बिजागरीपलीकडे एक नक्षीदार टोक, दोन्ही बाजूंना दोन पट्ट्या, अशी चार तुकड्यांची पेटी, आणि लाकडात ती अशी बसवायची की नख जाऊ नये. लँकेस्टरच्या पेट्यांवर डेझीचं फूल. जेकब डिकर्ट नावाचा मोरावियन ह्या ख्रिस्ती पंथाचा कारागीर तिथे होता, १७४० साली जर्मनीत माइन्झला जन्मलेला, आठेक वर्षांचा असताना इकडे आला आणि १८२२ पर्यंत जगला, त्याच्या रायफलींवर हे फूल पुन्हा पुन्हा दिसतं. लेबनन काउंटीत गेलात की निकोलस बायरच्या पेट्यांवर फुलाच्या जागी पक्षी येतो. पश्चिमेला डोंगरांत बेडफर्डला पेटी एकदम सडपातळ, लांबुळकी होते. यॉर्कला जो किंडिग नावाचा एक दाढीवाला अँटिकवाला होता, त्याने आयुष्यभर ह्या रायफली जमवल्या आणि १९६० साली मोठं जाडजूड पुस्तक काढून कारागिरांची गावागावांप्रमाणे घराणी लावली. सही नसलेली रायफल कुठली हे आज लोक ठरवतात ते दस्त्याच्या वळणावरून आणि ह्या पेटीच्या टोकावरून. उस्तादाचं नाव गेलं तरी घराणं कळतं.

आणि हे बघा, असं का हे मला फार पटलं. नळी सरळच असावी लागते. तिथे कारागिराची लहर चालत नाही. लॉक, म्हणजे घोड्याची यंत्रणा, ती बऱ्याचदा विकतच घ्यायचे, इंग्लंडहून आलेली. दस्त्याची लांबी गिऱ्हाइकाच्या हातावर. मग ह्या माणसाला स्वतःचं म्हणून काय उरलं? पितळेचा पत्रा, कानस, छिन्नी आणि उजव्या बाजूची वीतभर जागा.

लँकेस्टरजवळ लँडिस व्हॅलीचं म्युझियम आहे. हेन्री आणि जॉर्ज लँडिस ह्या दोन अविवाहित भावांनी आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडचं जुनंपानं सामान जमवून १९२५ च्या सुमाराला ते सुरू केलं. तिथे नि नंतर नॅझरेथजवळच्या लाँगरायफल म्युझियममध्ये मी काचेला नाक लावून उभी राहिले आहे. जवळून बघितलं की कळतं, कोरीवकाम सफाईदार वगैरे काही नाही. कोरणी उजवी-डावी झुलवत पुढे नेली की नागमोडी रेघ उठते, तसल्या रेघांनी सगळी कडा भरलेली, आणि एका पाकळीच्या टोकाला हात घसरलाय तो तसाच सोडलेला. पट्ट्यांच्या खिळ्यांची डोकी कानसून पितळेत इतकी मिसळून टाकलीत की उजेड तिरका पडल्याशिवाय दिसत नाहीत. आणि झाकण उघडं ठेवलेली एखादी रायफल असली तर आतली खाच बघा. बाहेर एवढा थाट आणि आत गिरमिटाने भोकं पाडून छिन्नीने भसाभसा उकरलेलं लाकूड. कोपरे सारखे नाहीत, तळ सपाट नाही. आत कोण बघणार होतं? चरबीने लाकूड काळं पडलेलं आणि झाकणाच्या आतल्या बाजूला हिरवा मेणचट थर. चरबीतलं आम्ल आणि पितळेतलं तांबं ह्यांचं वर्षानुवर्षं चाललेलं प्रकरण ते. शंभर-दीडशे वर्षांनंतरही खरवडला तर नखाखाली येईल असा.

म्हातारा नाक घालून हेच शोधत होता. त्या रायफलमध्ये चरबीच नव्हती कधी.

पुढे एका जत्रेत एका जाणत्या माणसाला मी हे सांगितलं तर तो हसत सुटला. म्हणाला, साध्या रायफलला नंतर पेटी लावून भाव वाढवायचा हा जुना धंदा आहे, आणि नाक ही त्याची सगळ्यात स्वस्त तपासणी. त्याने मग मला अजून एक गोष्ट सांगितली ती मात्र विलक्षण आहे. लाकूड म्हातारं होताना आकसतं, पितळ आकसत नाही. म्हणून शंभर-दीडशे वर्षांच्या खऱ्या रायफलीत पितळ लाकडाच्या किंचित वर आलेलं असतं, बोट फिरवलं की धार लागते, कुठे पट्टी फुगून उचललेली असते, कुठे लाकडाला बारीक चीर गेलेली असते. एखादी पेटी अगदी नखही जाणार नाही अशी बसली असेल, म्हणजे ज्या सफाईसाठी तो मूळ कारागीर जीव टाकत होता तीच आजही शाबूत असेल, तर समजायचं काहीतरी गडबड आहे.

बरं, नुसता वास हा एकच मुद्दा नव्हता. ती रायफल पर्कशनची होती, अर्ध्या दस्त्याची, म्हणजे लाकूड नळीच्या टोकापर्यंत न जाता मध्येच संपणारी, १८४०-५० मधली, आणि तिच्यावर होती लँकेस्टरची भलीथोरली डेझी, जी तिच्या आज्यांच्या काळातली. हे ज्याला दिसतं त्याला लांबूनच दिसतं म्हणे.

पर्कशनचं काय झालं तर, १८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने (पाद्रीबुवांना बदकं मारायचा नाद होता) गारगोटीच्या ठिणगीऐवजी आपटल्यावर पेटणारी दारू वापरायचं पेटंट घेतलं, पुढे तांब्याची छोटी टोपी आली, केप. जोशुआ शॉ नावाचा इंग्लिश चित्रकार ती कल्पना घेऊन फिलाडेल्फियाला आला नि १८२२ मध्ये त्याने इथे पेटंट काढलं. १८३०-४० पर्यंत गारगोटी मागे पडली. आमच्या आजोळी राजापूरकडे नानांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी, आणि निवडणुका आल्या की ती पोलीस ठाण्यात जमा करायला नाना स्वतः चालत जायचे. केपा गोल पत्र्याच्या डबीत, डबी फडताळात सगळ्यात वर. आम्हा मुलांना बंदुकीपेक्षा त्या डबीचं जास्त आकर्षण. नानांच्या बंदुकीला पेटीबिटी काही नव्हती, तिच्या नळीत पीळच नव्हता तर पॅच कशाला लागेल, छर्रे घालायचे आणि वर काथ्याचा बोळा ठासायचा. पण केप बोंडावर, म्हणजे ती जिथे बसते त्या छोट्या खुंटीवर, बसवताना त्यांचा जाड अंगठा किती हलका व्हायचा ते मला अजून दिसतं. अमेरिकेत ह्याच केपेमुळे दस्त्यावर एक नवीन पेटी आली, कॅपबॉक्स, छोटी, गोल किंवा लंबगोल, केपा ठेवण्यापुरती. पॅचबॉक्सच्या वीतभर जागेची झाली दोन बोटं.

सगळ्यांनी लगेच सोडली नाही अर्थात. बेडफर्डकडच्या डोंगरांत पर्कशनच्या दिवसांतही पेट्यांना जाळी पाडून, बाजूने चांदीच्या चांदण्या-चंद्रकोरी बसवून नटवणं चालू होतं, आणि काहींना तर इतकं नटवलं की मला विचाराल तर जरा अतीच. जाणकार ह्याला उतरती कळा म्हणतात, सुवर्णकाळ साधारण १८१५-२० ला संपला म्हणतात. असेल. एकीकडे नक्षी अंगावर येईल इतकी, दुसरीकडे एकदम साधी पेटी, आणि मधलं काही नाही. मला त्यात दमलेपण दिसतं पण खोटेपण नाही दिसत. लॉक आता गोल्चरचं तयार मिळत होतं, नळ्या रेमिंग्टनसारखे लोक करून विकत होते, मग गावातला बंदूकवाला काय करणार? जोडणार. आणि जोडता जोडता जे स्वतःचं उरलंय तिथे एकतर जास्तच बोलणार नाहीतर गप्प बसणार.

गप्प बसणाऱ्यांत माझा आवडता लीमन. हेन्री लीमन, लँकेस्टरचाच, १८३४ मध्ये दुकान काढलं आणि १८८७ मध्ये मरेपर्यंत चालवलं. डिकर्टच्याच गावात, पण हा कारखानदार. स्वस्त, दणकट रायफली पश्चिमेला पाठवायच्या, फरचा व्यापार करणाऱ्यांना आणि सरकारला, जे सरकार मूळ रहिवाशांच्या जमाती हलवल्यावर तहातल्या वाटपात ह्या रायफली द्यायचं. लीमनकडे पट्टेवालं मेपल मुबलक नसावं किंवा महाग पडत असावं, तर त्याने काय करावं? साध्या लाकडावर रंगाने पट्टे काढावेत! जवळून बघितलं की कळतं, पट्टे जरा जास्तच सारख्या अंतरावर आहेत. मी बघितलेल्या एका लीमनवर साधी पितळी पेटी होती, ना फूल ना पक्षी, झाकणावर दोन रेघा कोरलेल्या, संपलं. ऑक्शनमध्ये ती पंधरा मिनिटं टेबलावर पडून होती आणि लोक तिच्यावरून हात लांब करून पलीकडची उचलत होते. मला ती उचलाविशी वाटली. खोटे पट्टे काढणारा माणूस पेटीवर मात्र खोटं बोलत नाही ह्याची मला गंमत वाटली बहुतेक.

पण मग हेही डोक्यात येतंच की ही कुणासाठी केली होती. जमीन घेऊन बदल्यात जे दिलं त्यातलं हे सामान. म्युझियममध्ये मैदानी जमातींकडच्या रायफली बघितल्या की दस्त्यावर पितळी डोक्याचे खिळे ओळीने ठोकलेले दिसतात, दस्त्याच्या मनगटापाशी, म्हणजे हाताने धरायच्या बारीक जागी, लाकूड फुटलं तिथे ओलं कातडं गुंडाळून वाळवून आवळलेलं. कारखान्याने नक्षी सोडून दिली आणि ज्याच्या हातात ती आली त्याने ती आपल्या हाताने पुन्हा केली, आणि तीही पेटीच्या चौकटीत नाही, सगळ्या दस्त्यावर. ते बघताना छान वाटतं म्हणावं तर घशात अडकतं. मी काचेसमोर उभी राहून खिळ्यांची रांग डोळ्यांनी मोजत होते, सरळ रांग, मग एक त्रिकोण, मग पुन्हा रांग, आणि खाली पाटीवर फक्त कॅलिबर लिहिलं होतं.

चरबीबद्दल एक राहिलं. म्युझियममधल्या गाईडने आम्हाला पॅच हातात दिला होता, बोटाला तुपकट लागला, आणि तो सहज म्हणाला की टॅलो आहे, गाईची किंवा मेंढीची, काही लोक अस्वलाचं तेल वापरायचे. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी आणि सोबतची मैत्रीण एकमेकींकडे बघितलं आणि दोघींच्या तोंडून एकदमच निघालं, "सत्तावन्न!" शाळेत एक वाक्य इतक्यांदा घोकलंय की बंदूक आणि चरबी हे शब्द शेजारी आले की पुढचं आपोआप येतं. त्या एन्फील्डच्या दस्त्यात पेटी नव्हती, चरबी कागदी काडतुसालाच होती आणि ते दातांनी फोडायचं होतं. इथे तीच गोष्ट पितळी फुलाच्या झाकणाखाली ठेवून लोक निवांत शिकारीला जायचे. गाईडला आम्ही हे समजावायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, इंटरेस्टिंग, आणि त्याने पुढचं केस उघडलं.

सैन्याने ही पेटी कशी सांभाळली नि कशी सोडली हा वेगळाच किस्सा आहे. १८४१ ची अमेरिकन सैन्याची पर्कशन रायफल आहे, पॉइंट ५४ इंच कॅलिबरची, देखणी, पितळी पट्ट्यांची, तिला भलीमोठी पितळी पेटी आहे पण झाकण कोरं. नावाला पॅचबॉक्स, पण आत एक स्पेअर बोंड बसेल असं वेगळं भोक आणि स्क्रूड्रायव्हर-पान्याचं एकत्र हत्यार ठेवायला जागा. १८४७ च्या फेब्रुवारीत मेक्सिकोत ब्वेना विस्ताला जेफरसन डेव्हिसच्या मिसिसिपी रेजिमेंटने ती वापरली म्हणून तिला मिसिसिपी रायफल म्हणायला लागले. हाच डेव्हिस नंतर युद्धमंत्री झाला आणि त्याच्या कारकिर्दीत १८५५ चं मॉडेल आलं, त्यात एडवर्ड मेनार्ड नावाच्या वॉशिंग्टनच्या दाताच्या डॉक्टरने काढलेली युक्ती होती, कागदी फितीत ओळीने दारूचे थेंब चिकटवायचे आणि घोडा ओढला की फीत पुढे सरकायची. दिवाळीतला टिकल्यांचा रोल आठवा, डिट्टो तोच. आणि रोल दमट झाल्यावर जे होतं तेही डिट्टो, चट् असा आवाज आणि काही नाही. त्या रायफल-मस्केटला १८५९ पासून लोखंडी पेटी बसवत होते. मग यादवी युद्ध आलं, लाखांनी बंदुका हव्या होत्या, आणि १८६१ च्या मॉडेलमधून फीतही गेली, पेटीही गेली. तोवर गोळीच बदलली होती, बुडाशी पोकळ, झाडल्यावर स्वतःच फुगून खाचांत बसणारी, तिला कापड नको होतं. जिच्यासाठी पेटी होती ती गोष्टच संपली. हिशेबनिसाने एक ओळ खोडली असेल.

ह्या सगळ्यांपेक्षा मला भावलेली एक पेटी आहे जी पेटीच नाही. टेनेसी, नॉर्थ कॅरोलायनाकडच्या डोंगरांत पितळ महाग, कारागीर लोहार, तर तिथे सगळं लोखंडाचं, आणि ज्याला परवडेल त्याच्या रायफलीवर लोखंडाची लांब वाकडी पेटी, तिला केळंच म्हणतात, बनाना पॅचबॉक्स. ज्याला तेही परवडत नाही त्याच्या दस्त्यात गिरमिटाने पाडलेलं एक गोल भोक. झाकण नाही, पितळ नाही, बटण नाही. त्यात चरबी दाबून भरलेली, पॅच त्यात बोटाने घोळवायचा आणि ठासायचा. बस. मी असं एक भोक बघितलंय, कडा वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या आणि एका बाजूला जास्त झिजलेल्या, म्हणजे माणसाचं बोट रोज त्याच बाजूने आत जात असणार. हे खोटं करायला कुणी बसत नाही कारण त्याने भाव वाढत नाही.

भावावरून आठवलं. विसाव्या शतकात उलटाही खेळ झाला. १८३०-४० मध्ये लोकांनी आपल्या आजोबांच्या गारगोटीच्या रायफली केपेवर बदलून घेतल्या होत्या, कानापाशी, म्हणजे ठिणगी आत जायच्या भोकापाशी, एक छोटा ड्रम स्क्रूने बसवून, सोय होती, पावसात चालायचं. शंभर वर्षांनी संग्राहकांनी पैसे मोजून त्या परत गारगोटीच्या करून घेतल्या. मधली कित्येक वर्षं त्या रायफलीने केपेवर काढली, त्या वेळचे शिकारी, त्या वेळची झीज, ते सगळं काढून टाकलं आणि तिला तरुण केलं. माझा ह्यावर राग आहे, उगाच आहे हे मला माहीत आहे, माझी एकही रायफल नाही. पण पर्कशनचा काळ म्हणजे काहीतरी पुसून टाकायची लाज, हे मला झेपत नाही. म्हातारा राँग म्हणाला ते ह्या अर्थाने मला जास्तच बरोबर वाटायला लागलंय. तिची साधी, कोरी, स्वतःच्या काळातली उजवी बाजू होती. कुणीतरी तिच्यावर आजीचं फूल चिकटवलं.

सगळ्यात कहर हॉकनचा. जेकब आणि सॅम्युअल हॉकन हे भाऊ मेरीलँडहून सेंट लुईसला गेले, डोंगरात जाणाऱ्यांसाठी जड, पाच किलोच्या आसपासच्या, जाड नळीच्या रायफली बनवायचे, सगळं लोखंड, बहुतेकांना पेटीच नाही. जेकब १८४९ च्या कॉलऱ्यात गेला, सॅम्युअल १८८४ पर्यंत होता. नक्षी नाही, चमक नाही, आणि ह्याच रायफलीचं नाव सगळ्यात मोठं झालं. मग १९७० च्या सुमाराला एका अमेरिकन कारखान्याने हॉकन ह्या नावाने नवी ठासणीची रायफल बाजारात आणली, प्रचंड खपली, अजून नेमबाजीच्या रेंजवर जाल तिथे दिसते. तिला काय आहे? चकाकतं पितळ आणि उजवीकडे पितळी पेटी.

गेल्या थंडीत आमच्या इथल्या रेंजवर मैत्रिणीच्या नवऱ्याच्या ओळखीचे एक काका तसली हॉकन घेऊन आले होते. प्रेमाने पॉलिश केलेली. मी म्हटलं, जरा पेटी उघडून दाखवता का. त्यांनी उत्साहाने झाकण उघडलं, आत फोमचे नारिंगी इअरप्लग होते आणि एक ॲस्पिरिनची पट्टी. आणि पॅचेस? त्यांनी जॅकेटच्या खिशातनं झिपलॉकची पिशवी काढली, दुकानातनं आणलेले, तयार चरबी लावलेले, सगळे एका मापाचे, आणि म्हणाले, पेटीत ठेवले तर पितळ हिरवं पडतं हो, मग घासत कोण बसणार.